रताळ्याची जात



न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी उन्हाळ्याच्या संध्याकाळी राज्यकारभार, धर्म, साहित्य आणि समाजसुधारणा ह्यांवर व्याख्याने होत आली आहेत. त्यात रताळ्याचा नंबर लागावयास बराच वेळ लागला. पत्रिकेवर आमचे नाव पाहून जे बोनस किंवा कंत्राटी कामगार ह्यांविषयी ऐकावयास आले असतील, त्यांची थोडी निराशा होईल. पण थोडीच, कारण पगाराचा प्रश्न हा शेवटी ताटात काय पडते ह्याचाच प्रश्न असतो.

माणसाची जात विचारू नका, असे आम्ही तीस वर्षे सभेसभेतून सांगत आलो. आज आमचे सांगणे उलट आहे. रताळ्याची जात अवश्य विचारा.

हा विषय आमच्यापाशी आला तो एका कारखान्याच्या उपाहारगृहातून. आषाढी एकादशीला उपवास करणाऱ्या कामगारांना दरवेळी तीच साबुदाण्याची खिचडी मिळे. पाळीवर उभे राहावयाचे आणि पोटात हा गोळा, अशी तक्रार आली. रताळी द्यावीत असे ठरले. कंत्राटदाराने बाजारात जी स्वस्त होती ती आणली, चिरून उकळत्या पाण्यात टाकली आणि ताटात जो लगदा पडला तो निम्म्या लोकांनी तसाच ठेवला. चौकशीला गेलो तेव्हा भांडी घासावयास रोजावर ठेवलेली एक बाई म्हणाली, "भाऊ, हे ओल्या गराचं रताळं. ह्याची खीर चांगली होते. उकडून वाढायचं तर कोरडं लागतं. पण मला विचारलं कोणी?" त्या स्वयंपाकघरात रताळ्याचे ज्ञान ज्या एकाच व्यक्तीला होते, तिचा रोज सर्वांत कमी होता. पुढे दोन्ही गोष्टींसाठी भांडावे लागले, रताळ्यासाठी आणि रोजासाठीही.

आता ही वस्तू आहे तरी काय ते पाहू. उपवासाचे रताळे ऋषिमुनींच्या काळापासून चालत आले असेल अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या सफरींनंतर ते युरोपात गेले आणि पोर्तुगीजांमार्फत हिंदुस्थानात आले. त्याच पोर्तुगीजांनी १५२१ साली चौलला किल्ला बांधावयास घेतला. तो १७४० साली मराठ्यांकडे येईपर्यंत दोन शतके ते आपल्या ह्या किनाऱ्यावर होते. कॅरिबियन बेटांवरील लोकांच्या भाषेत रताळ्याला 'बटाटा' म्हणत. पोर्तुगीज भाषेत अजून रताळे म्हणजे 'गोड बटाटा'. आपण ते नाव मागाहून आलेल्या दुसऱ्या कंदाला देऊन टाकले! आणि उपवासाचे ताट नीट पाहिले तर बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्याचा करतात तो कंद, सारीच मंडळी अमेरिकेची. आपल्याकडची म्हणावी अशी एक वरी. ह्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परक्या पिकाला आपले करून घेणे हे शेतकऱ्याचे आणि गृहिणीचे मोठे कर्तृत्व आहे.

दुसरी समजूत अशी की रताळे, कणगी, करांदा, कोनफळ ही एकाच कुळातली. तसे नाही. कणगी, करांदा आणि कोनफळ ही एकमेकांची भावंडे आहेत. रताळ्याचे घराणे निराळे. ते पाहावयाचे असेल तर समुद्रावर जा. वाळूवर पसरलेली मर्यादवेल आपण सर्वांनी पाहिली आहे. पान आपट्यासारखे, फूल जांभळट कर्ण्यासारखे. ती रताळ्याची सख्खी चुलत बहीण. डबक्याकाठची नाळीची भाजीही त्याच घरची. ह्या घराण्याचा गुण म्हणजे पसरणे आणि पेराला मूळ धरणे. म्हणूनच रताळ्याचे बी पेरीत नाहीत. वेलाचा वीतभर फाटा, तीन-चार डोळ्यांचा, वरंब्यावर लावतात. साडेतीन-चार महिन्यांत रताळी तयार होतात. मधून मधून वेल उचलून परतावा लागतो, नाही तर तो जागोजाग मुळे धरतो आणि रताळी पोसत नाहीत. वरंब्याची माती भेगाळली तर सोंड्या भुंगा आत शिरतो, म्हणून मातीची भर द्यावी लागते. भुंग्याने पोखरलेले रताळे कडू होते. शिजवून तो कडूपणा जात नाही. ते सरळ टाकून द्यावे.

आता जाती. बाजारात आपण दोनच ओळखतो, तांबडे आणि पांढरे. पण हा सालीचा रंग झाला. स्वयंपाकाला महत्त्व गराचे. कोरडा, पिठूळ गर असेल तर ते रताळे उकडावे, भाजावे किंवा त्याचा कीस करावा. ओला, मऊ गर असेल तर खीर, घाऱ्या, पोळीचे पुरण. काचऱ्यांना मधले चालते. गराचा रंगही निरनिराळा. पांढऱ्या गरात साखर-पिष्ट भरपूर, पण ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते ते नारिंगी द्रव्य जवळजवळ नसते. नारिंगी गरात ते विपुल असते, आणि त्याच्या कमतरतेने मुलांना रातांधळेपणा येतो हे आपण जाणता. हे द्रव्य अंगी लागावयास थोडे स्निग्ध लागते. तेव्हा तुपावरच्या काचऱ्या ही केवळ चैन नव्हे. जांभळ्या गराच्या जातीही आहेत; जांभळाच्या सालीत जो रंग असतो त्याच वर्गातला तो रंग.

आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अश्विनी' ही जात दिली. केरळात तिरुवनंतपुरम येथे १९६३ साली कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. तिने नारिंगी गराची 'भू सोना' आणि जांभळ्या गराची 'भू कृष्णा' काढली. आपल्यापैकी किती जणांनी ही नावे भाजीवालीपाशी उच्चारली आहेत?

विद्वानांनाही चुलीपुढे नमावे लागते, ह्याचे एक उदाहरण सांगतो. २०१६ साली जागतिक अन्न पारितोषिक चौघांना मिळाले. त्यांपैकी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो ह्या तिघांनी आफ्रिकेत नारिंगी रताळे घरोघर पोचवले होते. सुरुवातीच्या नारिंगी जाती पाणचट होत्या, आणि तिथल्या लोकांना रताळे कोरडे, पिठूळ लागते. तेव्हा पौष्टिक आहे म्हणून खा, असे सांगून भागेना. गर नारिंगी पण कोरडा अशा जाती पैदा कराव्या लागल्या. आमच्या उपाहारगृहातील बाई जे म्हणाली, तेच आफ्रिकेतील आयाबहिणींनी शास्त्रज्ञांना ऐकविले. फरक इतकाच की तिथे त्यांना कोणी तरी विचारले.

रांधण्याविषयी दोन शब्द. रताळ्याच्या अंगी एक पाचक द्रव्य असते. ते साधारण साठ ते पंचाहत्तर अंश उष्णतेत पिष्टाची साखर करते. त्याहून फार तापले की ते निकामी होते. म्हणून रताळे जितके सावकाश तापेल तितके गोड. उकळत्या पाण्यात फोडी टाकणे म्हणजे गोडी होण्याआधीच तिचा गळा दाबणे. अखंड रताळे सालीसकट थंड पाण्यात ठेवून मंद आचेवर चढवावे. त्याहून चांगले म्हणजे विझत आलेल्या निखाऱ्यांत, राखेत पुरावे. आपल्या भागातील पोपटी आठवा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा आणि मधून कोणी अंडी, कोणी कोंबडी, कोणी बटाटे, रताळी, कणगी घालतो. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे घालावयाचे आणि भोवती जाळ करावयाचा. रताळे उघड्या ज्वाळेत करपत नाही, पाण्यात विरघळत नाही, आपल्याच वाफेत शिजते. हे ज्यांनी शोधून काढले त्यांनी उष्णतामापक पाहिला नव्हता.

घरी आणलेली रताळी शीतकपाटात ठेवू नयेत. थंडीने त्यांचा गाभा टणक होतो, शिजता शिजत नाही. हवेशीर सावलीत ठेवावीत. नुकत्या काढलेल्या रताळ्याच्या जखमा आठवड्याभरात भरून येतात आणि गोडीही वाढते.

आता मुख्य मुद्दा. भाताचे बी कणगीत राहते, वालाचे डब्यात राहते. रताळ्याची जात मात्र जमिनीतच राहते. वेल दर हंगामाला कोणी तरी लावला पाहिजे. एका घराने लावावयाचे सोडले आणि शेजाऱ्याकडे फाटा नसला, की ती जात त्या गावातून गेली. संघटनेचे असेच असते. जुन्या वर्गणीच्या पावत्या पेटीत जपून ती जिवंत राहत नाही. दरवर्षी माणसाने माणसाला जोडावे लागते. आणि वेलाचा फाटा पूर्वापार शेजाऱ्याने शेजाऱ्याला फुकट दिलेला आहे.

ह्या किनाऱ्यावर जमीन आज कोणत्या भावाने जाते ते आपणांस ठाऊक आहे. वरंब्याच्या जागी हिरवळ आणि पोहण्याचा तलाव आला की त्याबरोबर वेलही जातो. जी उरली आहेत ती रताळी पिकवणारणीला आपण 'तांबडी कशी दिली?' एवढेच विचारतो. नावाला किंमत नाही, म्हणून ती नाव सांगत नाही. तिने सांगितले नाही, म्हणून सून ते शिकत नाही. ह्याच तालुक्यात चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसणार नाही असा संप पुकारला आणि तो सहा वर्षे चालविला. कसणाऱ्याला पिकाच्या वाट्यात न्याय मिळावा म्हणून तो लढा होता. कसणाऱ्याच्या ज्ञानालाही काही मोल आहे, हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आम्ही समजतो.

तेव्हा आपणांकडे मागणे लहानच आहे, संपाचे नाही. पुढच्या बाजारी टोपलीपाशी वाकून विचारा, बाई, हे कोरड्या गराचे की ओल्या? कोणत्या गावचे? ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात? नारिंगी गराचे मिळेल का? उत्तर देणारीला दोन रुपये जास्त द्या. ज्यांच्या घरी परसात हातभर जागा आहे त्यांनी तिच्याकडून एक फाटा मागून घ्यावा, आणि पुढच्या वर्षी तो आणखी कोणाला द्यावा. शाळेच्या पोषण आहारावर किंवा कारखान्याच्या उपाहारगृह समितीवर जे असतील त्यांनी स्वयंपाक करणारीला आधी विचारावे, मग खरेदी करावी.

'एकादशी दुप्पट खाशी' म्हणून आपण उपवासाची थट्टा करतो. रताळ्याच्या बाबतीत ती खुशाल खरी ठरू द्या. फक्त दोन्ही वेळा जात विचारून खा.