ट्यूबची पट्टी: कुठे बांधायची, कुठे नाही
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



पंक्चरवाल्याला भाषणाला उभं केलंत, म्हणून दुकानातलंच सामान घेऊन आलोय. ही सायकलची जुनी ट्यूब. ठिगळावर ठिगळ बसून बाद झालेली. आता नव्या गाड्यांना ट्यूबच नसते, त्यामुळे घरात जुनी असेल तर फेकू नका.

आपल्या आंदर मावळात टाकव्यापासून खांडी, सावळे, कुसूरपर्यंत पावसाळ्यात कोरडं काही राहत नाही. लावणीला जाणारा, गुरांमागे रानात जाणारा आणि हल्ली कुसूर घाट उतरणारी आपली पोरं, सगळ्यांच्या पिशवीत हे रबर असावं. ट्यूब आडवी कापली की कड्या मिळतात, उभी कापली की लांब पट्टी.

रबराचा पहिला गुण म्हणजे ताण. मोळी सुतळीने बांधली तर चालताना सैल होते, पट्टीने बांधली तर आवळलेलीच राहते. ताडपत्रीचा कान फाटला असेल तर कोपऱ्यात गोल गोटा ठेवा, वरून कापड गुंडाळून त्याच्या मानेला कडी चढवा आणि तिथे दोरी बांधा. दोरी आणि खुंटी यांच्यामध्ये रबराचा तुकडा घातला की वाऱ्याचा हिसका तो सोसतो, ताडपत्री फाटत नाही. कोयत्याच्या मुठीला पट्टी गुंडाळली तर ओल्या हातातून कोयता निसटत नाही.

दुसरा गुण, हवा-पाणी अडवणं. ट्यूब बहुतेक ब्युटाइल रबराची असते, त्यातून हवा फार हळू जाते. मोटारसायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा घ्या, आत काडेपेटी ठेवा, दोन्ही तोंडं दुमडून त्यावर कड्या चढवा. पावसात काडेपेटी कोरडी राहते.

तिसरा गुण, ओली असली तरी पेटणं. बोटभर पट्टी पुसून काडी लावा. ती काही मिनिटं जळते, तेवढ्यात ओलसर काटक्या धरतात. मात्र त्या धुरात गंधक आणि काजळी असते. हे उघड्यावरच करायचं, घरातल्या चुलीत नाही. रबर पूर्ण जळून गेल्याशिवाय वर भाकरी भाजायची नाही.

आता ज्यासाठी मुद्दाम उभा राहिलो ते सांगतो. हेच गुण दोन ठिकाणी घात करतात.

एक, पाणी. ठोकरवाडीचं धरण 1922 सालचं. त्या पाण्याकाठी आपण वाढलो, ट्रकच्या ट्यूबवर पोरं तरंगताना पाहिली. पण ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. ती उलटते, हात सुटला तर वाऱ्याने लांब जाते, व्हॉल्व्ह निघाला तर बसते. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. चढत्या पाण्यात ट्यूब घेऊनही उतरू नका, आणि पाहुण्यांनाही उतरू देऊ नका.

दोन, साप. भातखाचरात घोणस, फुरसं, नाग चावला की कुणीतरी ट्यूबची पट्टी काढतो आणि पाय करकचून आवळतो. मोळी घट्ट धरणारा ताण इथे पायाचं रक्त थांबवतो. घोणस-फुरशाचं विष आधीच तिथलं मांस खराब करत असतं. आवळल्याने पाय गमावायची वेळ येते. शिवाय पट्टी सोडताच अडलेलं विष एकदम अंगात पसरू शकतं. म्हणून आवळू नका, कापू नका, चोखू नका. पैंजण, अंगठी, जोडवी काढा. माणसाला चालवू नका, पाय फळीला कापडाने हलकेच टेकवून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखान्यात न्या. औषध एकच, तिथली सापाच्या विषावरची लस.

सर आणि बाईंनी आपल्याला वस्तू वाया घालवू नका असं शिकवलं. पन्नाशी ओलांडलेल्या आपल्यापैकी बरेच जण आज गावाकडे घरं बांधतायत, नातवंडांना रानात नेतायत. मागच्या टेबलावर कापलेल्या कड्या आणि पट्ट्या ठेवल्या आहेत. उन्हात आणि तेलात ठेवू नका, शंखजिरे लावून ठेवा म्हणजे चिकटणार नाहीत. प्रत्येकाने दोन-दोन घेऊन जा, आणि घरी देताना पट्टी कशाला वापरायची यासोबत कुठे बांधायची नाही हेही सांगा.