चौकटीत बसवलेली गर्दी



व्यंगचित्रांवर बोलायला कामगार संघटनेच्या माणसाला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मलाही पडला होता. रेषा कशी जोखावी हे मला कोणी शिकवलेले नाही. पण भिंतीवरच्या चित्राखाली जी माणसे उभी राहून काम करतात, त्यांच्यात माझे आयुष्य गेले आहे. तेव्हा चित्र आणि त्याखालचा माणूस, या दोघांविषयी मी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी मुंबईत, एका जुन्या गिरणीच्या आवारात निघालेल्या उपाहारगृहात मी वाटाघाटीसाठी गेलो होतो. मालकांना यायला उशीर होता. समोर मारिओ मिरांडा यांचे शहरातल्या गर्दीचे एक चित्र, छापील प्रत, काचेखाली सुरेख चौकटीत लावलेले होते. पाणी घेऊन आलेला पोरगाही ते पाहू लागला. म्हणाला, "भाऊ, हे कधीचं आहे?" मी उठून जवळ गेलो. सही दिसत होती. साल असलेच तर ते आतल्या पांढऱ्या पुठ्ठ्याखाली गेले होते. मालक आल्यावर त्यांना विचारले. ते हसून म्हणाले, "जुनी मुंबई हो! काय मजेचे दिवस होते!" पोरगा काही बोलला नाही. तो सकाळी विरारहून उभ्याने आला होता.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

मारिओंचा जन्म १९२६ सालचा, दमणचा. घर गोव्यात लोटलीला. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते शिकले आणि १९५० नंतरच्या दशकात येथल्या इंग्रजी नियतकालिकांतून चित्रे काढू लागले. माझ्यासारख्या अनेकांना ते प्रथम भेटले ते शाळेत, बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकात. धडा कळला नाही तरी चित्र कळत असे. कागदाचा कोपरा रिकामा ठेवणे त्यांना जणू पाप वाटे. माणसे, छत्र्या, कावळे, कुत्री, कचेरीतला पोटसुटा साहेब आणि त्याची टंकलेखिका, सारे एकमेकांना खेटून उभे.

ही दाटी केवळ चित्रकाराची हौस नव्हती. १९४१ साली बृहन्मुंबईची वस्ती सुमारे १८ लाख होती. १९५१ साली ती ३० लाखांच्या घरात गेली. युद्धकाळातल्या रोजगारासाठी माणसे आली, फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित आले. घरे त्या मानाने वाढली नाहीत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. जुन्या भाडेकरूला त्याचा आधार झाला. पण नव्याने येणाऱ्याला खोली हवी तर पागडी मोजावी लागे. १९४३ साली रेशनिंग सुरू झाले होते. युद्ध संपले, रांगा संपल्या नाहीत. त्यातच १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि प्रकृतीच्या कारणासाठी म्हणून डॉक्टरचा दाखला जोडून परवाना काढणारे प्रतिष्ठित लोक दिसू लागले. वाचक हसत होता तो या सगळ्याला. ती त्याची तक्रार होती, आणि ती हसून करण्याची सोय चित्रकाराने करून दिली होती.

आर. के. लक्ष्मण यांचे 'यू सेड इट' १९५१ साली सुरू झाले. त्यातला धोतर नेसून चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूस एक अक्षर बोलत नाही. त्याला बोलण्याची गरजही नव्हती. त्याच पानावर भाववाढीची बातमी होती आणि मंत्र्यांचे भाषणही होते. चित्र कापून चौकटीत घातले की बातमी रद्दीत जाते. हसू राहते, कोणाला हसायचे ते मात्र हरवते. मग गर्दी गोड वाटू लागते आणि टंचाईचे दिवस मजेचे होतात.

आणखी एक गोष्ट. मी पाहिलेल्या मारिओंच्या चित्रांत कचेऱ्या आहेत, मेजवान्या आहेत, कुलाबा आहे. गिरणगाव फारसे नाही. हा दोष मी त्यांना देत नाही. ज्याने त्याने आपला रस्ता रेखाटावा. गिरणगावाला नारायण सुर्वे होते. 'माझे विद्यापीठ' १९६६ सालचे. पण ज्या आवारात ती चौकट टांगली होती, तेथे पूर्वी साचे चालत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि १९९१ च्या विकास नियमावलीने त्यांच्या जमिनी मोकळ्या होण्याची वाट उघडली. त्या भिंतीवर जुनी मुंबई टांगली गेली, पण त्या भिंतीचीच जुनी गोष्ट टांगायला कोणाला सुचले नाही.

म्हणून चौकटी काढून टाका, असे मी म्हणेन काय? मुळीच नाही. वर्तमानपत्राचा कागद पाचपंचवीस वर्षांत पिवळा पडून चुरतो. चौकट होती म्हणून चित्र टिकले, आणि टिकले म्हणूनच त्या पोराला प्रश्न पडला. माझे मागणे लहान आहे. आपल्यापैकी कोणी असे चित्र घरात, दुकानात लावणार असेल, तर चौकट करणाऱ्याला सांगा, पुठ्ठा अर्धा इंच मागे घे, साल दिसू दे. साल नसेल तर वाचनालयात जाऊन जुने अंक चाळा. ते सापडले, तर त्याखाली एक ओळ लिहा: त्या वर्षी शहरात माणसे किती होती आणि त्यांना खोली कशी मिळत होती.

त्या दिवशीच्या वाटाघाटीत आम्हाला साप्ताहिक सुट्टी मिळाली. पगारवाढीचा प्रश्न राहिला. निघताना पोरगा पुन्हा चित्राकडे पाहून म्हणाला, "म्हणजे तेव्हापण लोक असेच चिरडून जायचे." मालकांना जे दिसले नाही ते त्याला दिसले होते. त्याला फक्त साल हवे होते.