वहीपूजनाच्या आदल्या दिवशी

श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, भाचा किंवा पुतण्या पुण्याला अथवा बंगळूरला संगणकाच्या कामावर असेल, तर दिवाळीत तुमच्या ओसरीवरही अशीच बैठक बसत असणार. फराळाची ताटली एकीकडे, मोबाइल दुसरीकडे, आणि बोलणे असे की घरातल्या माणसांना त्यातले क्रियापद तेवढे कळावे. "ते पडलं", "हे उठलं", "त्यानं भाव वाढवला". मला प्रथम वाटले, कापसाबद्दलच बोलताहेत! आम्ही पडलो घाटंजीचे. भाव म्हटला की कापूस, आणि कापूस म्हटला की आभाळ. त्यात ही मुले घडोघडी 'क्लाऊड, क्लाऊड' म्हणत होती. वेचणीला आलेला कापूस झाडावर असताना ढगाचे नाव कोणी घेतले की आमच्या पोटात गोळा येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

ही गोष्ट २०२५ च्या नरकचतुर्दशीची, म्हणजे २० ऑक्टोबरची. अभ्यंगस्नान आटोपले होते. पुतण्या हिंजवडीहून आला होता, त्याचा एक मित्र बंगळूरहून, आणि तिसरा इथेच गावात घरी बसून पुण्याच्या कचेरीचे काम करतो. मी एका लहानशा पतसंस्थेचा जुना चिटणीस. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, म्हणून वहीपूजनाची नवी वही आणून ठेवली होती.

साडेबाराच्या सुमारास तिघांचेही मोबाइल एकामागून एक वाजू लागले. पुतण्याने चकली तशीच ठेवली. म्हणाला, "काकाजी, ॲमेझॉन पडून राह्यलं!"

मी म्हटले, "पडू दे. आपल्याले काय विकत घ्याचं आहे आज?"

त्यावर तिघे हसले आणि मग माझी शिकवणी सुरू झाली. ॲमेझॉन म्हणजे नुसते घरपोच सामान देणारे दुकान नव्हे. २००६ साली या कंपनीने आपली संगणकयंत्रे आणि साठवणुकीची जागा इतरांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. ज्याला जितके लागेल तितके वापरावे आणि तितकेच पैसे द्यावेत. हेच ते क्लाऊड. तो ढग आकाशात नाही, जमिनीवरच आहे. मोठमोठ्या इमारतींत ओळीने यंत्रे मांडलेली, त्यांना अखंड वीज आणि अखंड गारवा. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली अशी केंद्रे उघडली. ॲमेझॉनचे मुंबईचे केंद्र २०१६ चे.

मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण आपल्याकडे जिनिंग आहे. प्रत्येक शेतकरी काही आपल्या अंगणात रेचे बसवीत नाही. कापूस गाडीत भरतो, जिनिंगवर नेतो, सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. यंत्र दुसऱ्याचे, माल आपला. आता त्या दिवशी काय झाले होते? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात या कंपनीचे सर्वांत जुने आणि फार मोठे केंद्र आहे. तिथे तेव्हा पहाटेचे पावणेतीन वाजले होते. यंत्रे चालू होती, माल जागेवर होता, पण जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावरची पाटीच पुसली गेली.

हे पाटीचे प्रकरण मोठे मजेदार आहे, म्हणून थोडे खुलासेवार सांगतो. कारण पुढे कंपनीनेच जाहीर केले. कोणते यंत्र कोणत्या पत्त्यावर आहे याची यादी ठेवण्याचे काम तिथे माणूस करीत नाही, कार्यक्रमच करतात. समजा, कचेरीत दोन कारकून आहेत. दोघांनीही नवी यादी आली की फळ्यावर चिकटवायची. एक कारकून त्या दिवशी फार रेंगाळला. तोवर दुसऱ्याने ताजी यादी लावली आणि जुन्या याद्या काढून टाकायचे काम हाती घेतले. इतक्यात रेंगाळलेला कारकून आपली शिळी यादी घेऊन पोचला आणि ती ताज्या यादीवर चिकटवून मोकळा झाला. झाडलोट करणाऱ्याने पाहिले, ही तर जुनी यादी! त्याने ती ओढून काढली. फळा कोरा. आणि आता पुढची यादी कशी लावावी हे दोघांनाही उमजेना. शेवटी माणसांनी हात घालून ती नोंद दुरुस्त केली. ती चूक आपल्या घड्याळाने तीनच्या आत सुधारली, पण तोवर तिच्यावर अवलंबून असलेली इतर कामे एकमेकांत अशी गुंतली होती, की सगळे सुरळीत व्हायला आपल्याकडची पहाट झाली. संदेशांचे, खेळांचे, बँकांचे कितीतरी व्यवहार जगभर खोळंबले.

कोणी वैरी नव्हता, चोर नव्हता. दोघेही कारकून आपापल्या परीने नेमून दिलेले कामच करीत होते.

मग गप्पा रंगल्या. बंगळूरचा मुलगा म्हणाला, पडझडीपेक्षा मला भाड्याची भीती वाटते. एका संगणकावर अनेक संगणक चालवण्याची सोय देणारी व्हीएमवेअर नावाची कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये विकत घेतली, आणि पुढच्याच महिन्यात कायमचा परवाना विकणे बंद केले. आता मुदतीचे पैसे भरायचे आणि वापरायचे. "काकाजी, वावर विकत मिळत होतं, आता मक्त्यानंच घ्या म्हणते." यावर गावातच राहणारा मुलगा उसळून म्हणाला, "मंग दुसऱ्याचं वावर पाहा ना!" तर पुतण्या म्हणतो, "कसं पाहतो? विहीर इथं, गोठा इथं, दहा वर्षांचं खत याच मातीत." मला वाटते त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यात हे वाक्य सर्वांत खरे होते.

इथे मला माझी आठवण सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेचे हिशेब ज्यांच्याकडे ठेवले होते, त्यांची प्रणाली ऐन जूनमध्ये दोन दिवस उघडली नाही. पाऊस पडून गेलेला, बियाण्यासाठी पैसे काढायला माणसे ओळीने उभी. ज्यांचे पासबुक भरलेले होते त्यांना आम्ही पासबुक पाहून पैसे दिले. एका बाईंच्या पासबुकात मार्चनंतरची नोंदच नव्हती. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाले माहीत आहे मी भरले ते." मला माहीत होते, श्रोतेहो. मीच पैसे मोजून घेतले होते. पण लिहिलेले कुठे दाखवू? माझ्या खिशातून काही रक्कम दिली, तेव्हा त्यांची पेरणी झाली. त्या दिवसापासून आम्ही दर शनिवारी सगळ्या खात्यांची एक प्रत फाईलमध्ये मागवून कपाटात ठेवतो. याचा मला थोडा अभिमान होता, तो मी मुलांना बोलून दाखवला.

पुतण्याने एवढेच विचारले, "काकाजी, थे फाईल कधी उघडून पाहिली काय?"

नव्हती पाहिली. कपाटात आहे म्हणजे आहे, असे धरून चाललो होतो.

तेव्हा त्याने मला गिटलॅबची हकीकत सांगितली. जगभरचे प्रोग्रामर आपले काम जिथे ठेवतात अशी ती कंपनी. २०१७ च्या ३१ जानेवारीला तिथल्या एका कर्मचाऱ्याने, दमून गेलेला असताना, चुकून खरी माहितीच पुसली. प्रती ठेवण्याचे पाच मार्ग होते. वेळेवर एकही धड उपयोगी पडला नाही. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावले. कंपनीची एक गोष्ट मला फार आवडली, की त्यांनी हे लपवले नाही, दुरुस्तीचे काम लोकांना उघड दाखवले. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला सरकारी माहितीकेंद्राला बॅटऱ्यांमुळे आग लागली, तिथले दुर्दैव याहून मोठे. सरकारी नोकरांचे साडेआठशेहून अधिक टेराबाइट कागदपत्र जळाले. आकार फार मोठा, म्हणून त्याची दुसरी प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती.

लक्ष्मीपूजन झाले. नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढले. शेजारी संस्थेचा लॅपटॉपही ठेवला, त्यालाही हळदकुंकू वाहिले. भाऊबीज झाल्यावर पुतण्या म्हणाला, "आणा ते शनिवारची प्रत." आम्ही ती त्याच्या संगणकावर उघडली. आकडे सगळे जागच्या जागी होते. रुपये, तारखा, व्याज, काही गेले नव्हते. आणि नावांच्या रकान्यात? इंग्रजी अक्षरे, उद्गारचिन्हे, कंस, काहीतरी जाळे विणल्यासारखे. म्हणजे पैसे होते, माणसे नव्हती.

कारण साधे होते. आमची नावे फार वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीच्या टंकात टाइप केलेली. त्यात संगणकाच्या पोटात इंग्रजीच खुणा असत, डोळ्यांना मात्र त्यांचे मराठी रूप दिसे. तो टंक नसला की नुसत्या खुणा उरतात. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोडची पद्धत १९९१ पासून आहे, पण आमच्याकडे ती कोणी लावलीच नव्हती, आणि मी विचारलेही नव्हते.

पुतण्याने रूपांतराचा एक छोटा कार्यक्रम लिहून दिला. बहुतेक नावे सुधारली, पण जोडाक्षरे फसली. म्हणून आता रोज दुपारी मी जुनी सभासद नोंदवही उघडतो, गावातला तो तिसरा मुलगा पडद्यावर पाहतो. मी नाव वाचतो, तो दुरुस्त करतो. पहिल्या दिवशी सर्वांत आधी त्या बाईंचे नाव काढले. ते बरोबर उमटले, मग मार्चची नोंद पाहिली आणि पुढच्या नावाकडे वळलो.