भाकरीची लाज कोणीं शिकविली?
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



मागल्या आठवड्यांत आमच्या घरीं पाहुणे आले. घरांत ज्वारीची कणगी भरलेली. पण आमची आई शेजारणीकडे धांवली ती गव्हाच्या पिठासाठीं! "पाहुण्यांपुढें भाकरी कशी ठेवूं?" असें ती म्हणाली. पाहुणे व आम्ही पुरुष चपाती खाऊन उठलों; बायका मागून उरल्यासुरल्यावर जेवल्या. असें ज्याच्या घरीं घडत नाहीं त्यानें हात वर करावा!

ही लाज धान्याच्या अंगची नव्हे. गहू-तांदूळ खाणारा तो मोठा, नाचणी-वरी खाणारा तो अडाणी, असें आपणांस शिकविलें गेलें. माणसांची उतरंड लावली तशीच धान्यांचीहि लावली. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा पाहा. त्यांत किलोचा दर ठरला तो असा: तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया. २०२३ पासून हें धान्य फुकट झालें, पण मनांतली उतरंड आहे तशीच आहे.

आतां मोठेपणा बाजूला ठेवून सत्त्व तोलूं. १०० ग्रॅम नाचणींत हाडें बांधणारें कॅल्शियम सुमारें ३५० मिलिग्रॅम असतें. पॉलिश केलेल्या तांदुळांत तें दहाच्या आसपास. बाजरींत लोह सहा मिलिग्रॅमच्या वर. त्या तांदुळांत एक मिलिग्रॅमहि भरत नाहीं.

पांढऱ्या भाताच्या मोठेपणाची एक खरी गोष्ट ऐका. १८९० च्या सुमारास आइकमन नांवाचा डच डॉक्टर जावा बेटांत बेरीबेरीचा शोध करीत होता. या रोगानें माणसांचे पाय लुळे पडत. त्याच्या कोंबड्याहि तशाच लुळ्या पडल्या. त्यांना लष्करी इस्पितळांतला पांढरा भात मिळत असे. पुढें नवा आचारी आला. लष्कराचा उंची भात साध्या कोंबड्यांना कशाला, म्हणून त्यानें तो बंद केला. कोंबड्या कोंड्यासकटच्या हलक्या तांदुळावर आल्या आणि बऱ्या झाल्या! सत्त्व होतें तें कोंड्यांत. १९२९ सालीं आइकमनला नोबेल पारितोषिक मिळालें.

तुम्ही म्हणाल, कोंबड्यांचें आम्हांस काय? तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. जी खुरपते, पाणी वाहते, लेंकरूं पाजते, तीच शेवटीं जेवते. डाळ संपलेली, भाजी खरवडलेली. तिच्या ताटांत उरतें काय?

गरिबांनीं मिरची-भाकरीवर समाधान मानावें, असें मी सांगत नाहीं. नुसत्या भाकरीनें रक्त वाढत नाहीं. तिच्याबरोबर डाळ, उसळ, पालेभाजी हवी. वर लिंबू पिळावें, म्हणजे लोह अंगीं लागतें. जेवतांना चहा नको; तो लोह अंगीं लागूं देत नाहीं. नाचणीला मोड आणून दळावी. आणि गहू गोड लागतो तर जरूर खावा, पण आवडीनें खावा, लाजेनें नव्हे.

२०२३ हें भरड धान्यांचें वर्ष म्हणून संयुक्त राष्ट्रांनीं साजरें केलें. शहरांत नाचणीच्या बिस्किटांना चढा भाव येतो. आपण मात्र घरची नाचणी विकून मुलांना मैद्याचीं बिस्किटें आणतों!

म्हणून तीन गोष्टी मागतों. पाहुण्यापुढें भाकरी मानानें ठेवा. पोराच्या शाळेच्या डब्यांत ती द्या, आणि कोणी हंसलें तर काय उत्तर द्यावें तेंहि त्याला शिकवा. तिसरी गोष्ट पुरुषांसाठीं: आज रात्रीं घरच्या बाईला आपल्याच पंगतीला बसवा, आणि डाळ वाढतांना पहिला डाव तिच्या ताटांत पडूं द्या.