शाळेच्या दिवशीच दुखणारे पोट
(येलवाल, म्हैसूर येथे मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



येलवाल हे नाव मराठी माणसाला परके नाही. १९५७ मध्ये विनोबांच्या उपस्थितीत येथेच ग्रामदान परिषद भरली होती. आज अणुऊर्जा विभागाच्या वसाहतीमुळे येथे अनेक प्रांतांतील कुटुंबे राहतात. बदलीने आलेल्या मराठी घरातील मूल घरी मराठी बोलते, वर्गात हिंदी-इंग्रजी ऐकते, रस्त्यावर कन्नड. महिनाभर आजोळी राहून परतलेल्या अशा मुलाला शाळेबरोबर भाषाही पुन्हा बदलावी लागते. तो थकवा आपल्या सहसा ध्यानी येत नाही.

‘मला भीती वाटते’ असे लहान मूल क्वचितच सांगते. त्याचे पोट दुखते. शाळेच्या दिवशी सकाळी दुखते, रविवारी दुखत नाही. परिचर्याशास्त्राची पदवीधर या नात्याने निक्षून सांगते, की हे ढोंग नव्हे. भीतीचा परिणाम आतड्यांवर खरोखर होतो. ताप, उलट्या, घटणारे वजन किंवा झोपेतून उठवणारी वेदना असल्यास प्रथम डॉक्टरांना दाखवावे. यांपैकी काही नसेल, तर मुलाला रागावू नये, आणि घरीही ठेवून घेऊ नये. शाळा टाळल्याने त्या दिवशी सुटका वाटते. तीच सुटका दुसऱ्या दिवशीची भीती वाढवते. पूर्ण दिवस झेपत नसल्यास वर्गशिक्षकांच्या संमतीने आरंभी दोन-तीन तास बसवावे आणि वेळ क्रमाने वाढवावी.

खंड लांबला म्हणजे काय होते, हे कोरोनाकाळाने दाखवले. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग २५ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा भरले. २०२० साली पहिलीत नाव घातलेली मुले पहिलीच्या वर्गात न बसताच दुसरीत पोहोचली होती. रांगेत उभे राहणे, शेजाऱ्याला खोडरबर देणे, आईवाचून पाच तास काढणे, हे सारे त्यांना नव्याने शिकावे लागले. अभ्यासाची भरपाई करण्याच्या घाईत या शिकण्याला आपण फारच थोडा वेळ दिला, असे माझे मत आहे.

‘आज काय शिकवले?’ या प्रश्नाला मूल ‘काही नाही’ म्हणते. ‘डबा कोणाबरोबर खाल्लास?’ असे विचारून पाहा. उत्तरात मैत्री कळते, एकटेपणही कळते. घरची मराठी सोडू नका. मात्र ‘मलाही खेळायला घ्या’ एवढे कन्नडमध्ये म्हणता येईल असे अवश्य शिकवा. कोणी मारते, सतत चिडवते किंवा नकोसा स्पर्श करते असे कळल्यास तो मुलाच्या धैर्याचा प्रश्न नव्हे, सुरक्षिततेचा आहे. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी भेटावे. १०९८ ही बालसाहाय्य सेवाही आहे.

निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. तेव्हा झोप, भूक, खेळ यांतील बिघाड दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तज्ज्ञांना भेटण्यात संकोच कसला? जगणे नकोसे झाल्याचे मूल बोलले, तर एक दिवसही थांबू नये आणि त्याला एकटे सोडू नये. टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य असून रात्रंदिवस उपलब्ध असते, आणि तेथे मराठीतही बोलता येते.