माग आणि फळा



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टराने कापडावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण माझा दवाखाना बेळगावात विणकरांच्या वस्तीजवळ आहे. शहापूर, वडगाव, खासबागेतल्या मागांचा आवाज ऐकतच माझी उमेद गेली. एकदा नववीतल्या एका मुलाला वडील काय करतात, असे विचारले. तो म्हणाला, "काही नाही डॉक्टर, घरीच असतात. माग चालवतात."

या 'काही नाही'वर मला बोलायचे आहे. कापड कसे होते आणि त्यावर नक्षी कशी उतरते, हे माध्यमिक शाळेत प्रत्येक मुलामुलीने शिकावे, असे मला वाटते.

आपली इरकल साडी घ्या. अंगाचा ताणा बहुधा सुती, टोपपदराचा रेशमी. हे दोन ताणे फाशांनी एकमेकांत अडकवून जोडतात. प्रत्येक साडीसाठी ही जोडणी नव्याने करावी लागते. हे 'काही नाही' नव्हे.

यात गणित आहे. इंचाला 60 धागे आणि पन्हा 48 इंच, तर ताण्यात 2880 धागे. चौकटीच्या वहीत घरे रंगवली की नक्षीचा आराखडा तयार होतो. फ्रान्समधल्या जकार्डने 1804 च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर माग चालवला. पुढे बॅबेजने गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली.

यात रसायनशास्त्र आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. अल्कधर्मी पाण्यात तिचे क्षपण केले की ती विरघळते. कापड बाहेर येते ते पिवळसर हिरवे, आणि हवा लागताच निळे होते. हा प्रयोग पाहिलेला मुलगा ऑक्सिडीकरण विसरणार नाही. त्याच निळीपाशी 1917 चे चंपारण्यही शिकवता येते.

आणि यात विवेकही आहे. रेशमाचा अखंड धागा मिळावा म्हणून कोष आतल्या जिवासकट उकळतात. मी जैन घरातला. मला हे बोचते. वर्गात कोणतेही उत्तर लादू नये. पण पदराची झळाळी आणि तिची किंमत, दोन्ही मुलांपुढे ठेवावीत.

कोणी विचारतील, विणकराच्या पोराला पुन्हा मागावरच बसवायचे का? मुळीच नाही. म्हणून तर हा विषय सर्वांना हवा, वकिलाच्या मुलाला आणि डॉक्टरच्या मुलीलाही. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार देशापुढे आला. पुष्कळ शाळांत टकळी आली आणि गेलीही. टकळीवरून गणिताकडे आणि विज्ञानाकडे जाणारी वाट वर्गात रुळली नाही, तर उरतो तो नुसता एक तास.

खर्च फार नाही. चार पट्ट्या आणि खिळे यांची चौकट केली की छोटा माग झाला. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर शिकण्याची सोय सुचवली आहे. तिथून सुरुवात करावी.

माझी एकच अट आहे. शिकवायला विणकरालाच बोलवावे. त्याला मानधन द्यावे, शिक्षकांच्या खोलीत खुर्ची द्यावी आणि मुलांनी त्याला 'सर' म्हणावे. पाठ्यपुस्तक मागाहून लिहिता येईल.