ग्रीन बे कुणाला घेणार?



आजचा विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, आणि अकरा जणांची आक्रमक फळी समोरच्या अकरा जणांच्या बचाव फळीला भिडते, तो हा खेळ. नियमांत मी फार शिरणार नाही. दोन जागा तेवढ्या लक्षात ठेवा. चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक, आणि धावत जाऊन तो झेलतो तो रिसीव्हर. पुढचं बरंचसं बोलणं या दोघांभोवतीच फिरणार आहे.

२४ एप्रिल २०२५ ची रात्र. विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे गावात त्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट भरला होता. महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू बत्तीस संघ पाळीपाळीनं निवडून घेतात, त्या निवडीचं नाव ड्राफ्ट. बावीस निवडी झाल्या आणि तेविसाव्या क्रमांकावर यजमान ग्रीन बे पॅकर्सची पाळी आली. संघाचे मावळते अध्यक्ष मार्क मर्फी मंचावर आले आणि त्यांनी नाव वाचलं : मॅथ्यू गोल्डन, टेक्सास विद्यापीठ, रिसीव्हर. गर्दीनं एकच जल्लोष केला. २००२ साली जाव्हॉन वॉकरला घेतल्यानंतर पॅकर्सनी पहिल्या फेरीत एकही रिसीव्हर घेतला नव्हता. मधल्या बावीस ड्राफ्टांत 'यंदा पॅकर्स रिसीव्हर घेणार' असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ झाले, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाचा अंदाज फसला. तो का फसला, आणि असा अंदाज बांधायचाच तर कसा बांधावा, हे आज मला सांगायचं आहे.

आयपीएलमुळे आपल्याला लिलावाची सवय झाली आहे. ड्राफ्टमध्ये बोली नसते. आदल्या मोसमात जो संघ सगळ्यांत खाली राहिला, त्याची पाळी पहिली, आणि विजेत्याची शेवटची. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये मांडली. त्यांचा संघ तेव्हा तळाला होता. श्रीमंत संघ चांगली पोरं आधीच उचलत, आणि दुबळा संघ दुबळाच राहत असे. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात नऊ संघ बसले, फळ्यावर नव्वदेक नावं लिहिली आणि नऊ फेऱ्यांत निवड उरकली. पहिलं नाव होतं शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर. महाविद्यालयीन खेळातला तो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. पण पैशांचं जुळलं नाही, आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

ग्रीन बेसाठी ही पद्धत म्हणजे श्वास आहे, असं मी मानतो. गावाची वस्ती जेमतेम लाखाच्या वर. संघाला धनाढ्य मालक नाही. पाच लाखांहून अधिक भागधारकांच्या मालकीचा हा संघ, आणि त्या भागांवर ना लाभांश मिळतो, ना ते बाजारात विकता येतात. असा संघ न्यूयॉर्क-शिकागोच्या तोडीला उभा राहतो, याचं एक मोठं कारण म्हणजे लीगचं उत्पन्न वाटून घेण्याची पद्धत आणि दुसरं म्हणजे ड्राफ्ट.

इथे एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही : जॅक व्हायनिसी. १९५० च्या दशकात पॅकर्ससाठी खेळाडू हेरण्याचं काम त्यानं केलं. संघ तेव्हा इतका रसातळाला गेला होता की १९५८ च्या मोसमात बारा सामन्यांत एकच जिंकला. पण त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत जिम टेलर, तिसऱ्या फेरीत रे निच्की आणि चौथ्या फेरीत जेरी क्रेमर संघात आले होते. तिघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. क्वार्टरबॅक बार्ट स्टार तर १९५६ मध्ये सतराव्या फेरीत, २०० व्या क्रमांकावर घेतलेला. १९५९ मध्ये विन्स लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून आले आणि १९६१ ते १९६७ या काळात याच मुलांच्या जोरावर पाच अजिंक्यपदं आली. त्यांतलं एकही पाहायला व्हायनिसी उरला नाही. १९६० मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, तो गेला. १९५८ मध्ये पॅकर्सनी पहिल्या फेरीत घेतलेला डॅन करी चांगलाच खेळाडू होता, पण खरं घबाड त्याच्या मागे होतं.

आता अंदाजाकडे वळू. १९८० मध्ये ईएसपीएन या वाहिनीनं ड्राफ्ट थेट दाखवायला सुरुवात केली. १९८४ पासून मेल कायपर पडद्यावर बसून कोण कुणाला घेणार हे सांगू लागले, आणि बघता बघता 'मॉक ड्राफ्ट', म्हणजे आधीच मांडलेली निवडीची यादी, हा वसंत ऋतूतला स्वतंत्र उद्योग झाला. ही यादी नेमकी उतरणं किती अवघड आहे, त्याचा हिशेब सोपा आहे. तेविसाव्या क्रमांकाच्या आधी बावीस संघ निवड करतात. प्रत्येकापुढे फक्त दोनच पर्याय आहेत असं धरलं, तरी एकूण वाटा होतात ४१ लाख ९४ हजारांवर. त्यात मध्येच एखादा संघ आपला क्रमांक दुसऱ्याला देऊन टाकतो. खेळाडूच्या गुडघ्याची आणि खांद्याची वैद्यकीय तपासणी ड्राफ्टआधी इंडियानापोलिसमध्ये भरणाऱ्या शिबिरात होते, पण तिचे अहवाल संघांपाशीच राहतात. शिवाय प्रतिस्पर्ध्यांना चकवायला संघ मुद्दाम हूलही उठवतात.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं की, खेळाडूंचा अभ्यास थोडा कमी करावा आणि निवडणाऱ्याचा जास्त. लोक विचारतात, संघाला आज कशाची गरज आहे? पॅकर्सचं कार्यालय विचारतं, दोन-तीन वर्षांनी आपल्याकडे कोण नसेल? या दोन प्रश्नांमधल्या अंतरातच सगळे अंदाज पडतात.

२०२० चं उदाहरण जवळून पाहू. आदल्या मोसमात पॅकर्स तेरा सामने जिंकून सुपर बोल या अंतिम लढतीपासून एका सामन्यावर थांबले होते. क्वार्टरबॅक एरन रॉजर्स ३६ वर्षांचा, रिसीव्हर दाव्हांते ॲडम्सच्या जोडीला दुसरा दमदार रिसीव्हर नाही, आणि त्या वर्षी महाविद्यालयांतून रिसीव्हरांचं अमाप पीक आलेलं. करोनामुळे सगळे आपापल्या घरी बसून निवड करत होते. पॅकर्सचा क्रमांक तिसावा. जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी मायामीला चौथ्या फेरीतली एक निवड जादा देऊन सव्विसावा क्रमांक मिळवला. पुढे सरकले म्हणजे आता रिसीव्हर येणार, असंच सगळ्यांना वाटलं. नाव आलं जॉर्डन लव्ह, युटा स्टेट विद्यापीठ, क्वार्टरबॅक! चाहते संतापले. रॉजर्सनं त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, आणि लव्ह बाकावर बसून राहिला. २०२३ मध्ये रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, लव्ह मैदानात उतरला, आणि त्याच मोसमात त्यानं बलाढ्य डॅलस काउबॉइजना त्यांच्याच मैदानावर ४८-३२ असं हरवून दाखवलं. निवड योग्य होती असं माझं मत आहे. पण रॉजर्सला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. ज्यानं इतकी वर्षं संघ खांद्यावर वाहिला, त्याला ही बातमी इतरांसारखीच कळावी, हे बरं झालं नाही.

आता मागे जाऊन २००५ पाहा. ब्रेट फार्व्ह क्वार्टरबॅक असताना तेव्हाचे जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन यांनी चोविसाव्या क्रमांकावर रॉजर्सला घेतलं. तोही तीन मोसम बाकावर बसला. त्याच्याही मागे १९९० चं दशक. फार्व्हला आणणारे जनरल मॅनेजर रॉन वुल्फ फार्व्ह ऐन भरात असतानाही ब्रुनेल, हॅसलबेक, ब्रुक्स असे तरुण क्वार्टरबॅक घेतच राहिले. थॉम्पसन वुल्फच्या हाताखाली तयार झाले, गुटेकुन्स्टही वुल्फच्या काळातच संघात आले. गाण्यातल्या घराण्यासारखंच आहे हे. बंदिश नवी असली तरी स्वर लावण्याची रीत गुरूची ओळखू येते.

या घराण्याच्या आणखी दोन सवयी सांगतो. रिसीव्हर घ्यायचा तो दुसऱ्या फेरीत. ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, दाव्हांते ॲडम्स, सगळे दुसऱ्या फेरीतले. २०२२ मध्ये ॲडम्स लास व्हेगास रेडर्सकडे गेला, तेव्हा तर रिसीव्हर घेतील याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. पॅकर्सनी पहिल्या फेरीत जॉर्जिया विद्यापीठाच्या बचाव फळीतले दोघं उचलले, आणि दुसऱ्या फेरीत पुढे सरकून ख्रिश्चन वॉटसनला घेतलं. दुसरी सवय अशी की, महाविद्यालयातल्या कामगिरीच्या आकड्यांपेक्षा अंगातल्या कुवतीवर त्यांची भिस्त जास्त. २०२३ मध्ये तेराव्या क्रमांकावर घेतलेला लुकस व्हॅन नेस आयोवा विद्यापीठात एकाही सामन्यात पहिल्या अकरांत उतरला नव्हता.

आता २०२५ चा उलगडा करून पाहा. वॉटसन आणि रोमिओ डब्ज, दोघंही रिसीव्हर २०२२ मध्ये आलेले. नव्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, म्हणजे ड्राफ्टच्या दिवशी दोघांचेही करार त्याच मोसमाअखेर संपणार होते. वॉटसनचा गुडघा तर जानेवारीतच गेला होता. आणि गोल्डन कोण? इंडियानापोलिसच्या शिबिरात चाळीस यार्ड ४.२९ सेकंदांत पळालेला, तिथल्या रिसीव्हरांमध्ये सगळ्यांत वेगवान. बावीस वर्षांची रीत मोडली असं सगळे म्हणाले. मला तर पुढचं पाहण्याची आणि अंगातल्या कुवतीवर भिस्त ठेवण्याची या घराण्याची रीत पुरेपूर पाळलेली दिसते.

संख्याशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून एका भारतीयाचं नाव अभिमानानं घेतो. अलीगढचे सलाम कुरेशी हे संख्याशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात आयबीएमच्या एका उपकंपनीत कॅलिफोर्नियात काम करत. काउबॉइज संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम त्यांच्याकडे गेले आणि खेळाडू निवडण्यासाठी संगणक वापरता येईल का, असं विचारलं. कुरेशींना क्रिकेट ठाऊक, हा खेळ नाही. त्यांनी प्रशिक्षकांची मोघम विशेषणं घेतली आणि ती चपळाई, चारित्र्य, जिद्द, तरतरी, ताकद अशा गुणांत बसवून प्रत्येकाला आकडा दिला. आज प्रत्येक संघात हे काम चालतं, त्याच्या मुळाशी हा गृहस्थ आहे.

आणि इतकं सगळं मोजूनही? केड मॅसी आणि पुढे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. एकाच जागेवर खेळणारे लागोपाठचे दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना शंभरात सुमारे ५२ आढळली. नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी. निवडणाऱ्यालाच इतकं कमी कळतं, तिथे त्याच्या निवडीचा अंदाज बांधणाऱ्यानं किती नम्र असावं!

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. २००८ मध्ये आयपीएलनं १९ वर्षांखालच्या मुलांसाठी लिलाव न करता ड्राफ्ट केला. दिल्लीपुढे दिल्लीचाच विराट कोहली होता. पण सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स, दिलशान असे फलंदाज हाताशी असल्यानं त्यांना गोलंदाज हवा होता. त्यांनी प्रदीप सांगवानला घेतलं आणि कोहली बेंगळुरूला गेला. आजची गरज पाहून केलेली निवड किती महाग पडू शकते, ते यावरून समजावं.

या सगळ्या खेळात ज्याचं नाव पुकारलं जायचं असतं, त्या एकवीस-बावीस वर्षांच्या पोराचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. आपण कोणत्या गावी राहायचं, हे त्याच्या हाती नसतं. पहिला की चोविसावा, यावर त्याच्या पहिल्या कराराचे कोट्यवधी डॉलर ठरतात. २००५ मध्ये रॉजर्स पाहुण्यांच्या खोलीत तासन् तास बसून होता, खोली रिकामी होत होती आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरच होता. २०२५ मध्ये शेड्यूर सँडर्सला अनेकांनी पहिल्या फेरीत धरलं होतं, त्याचं नाव पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर आलं. या घसरणीची जबाबदारी अंदाज छापणाऱ्यांनीही थोडी घ्यायला हवी. एकच नाव ठामपणे छापलं की ते त्या मुलाला आश्वासन वाटतं. त्याऐवजी तीन-चार नावं द्यावीत, प्रत्येकापुढे शंभरात किती शक्यता ते लिहावं, आणि ड्राफ्ट झाल्यावर आपला हिशेब लोकांपुढे ठेवावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये पॅकर्सनी काउबॉइजकडून मायका पार्सन्स हा बचाव फळीतला मोहरा आणला. बदल्यात केनी क्लार्क दिला आणि २०२६ व २०२७ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी दिल्या. म्हणजे ग्रीन बेकडे पहिल्या फेरीतली स्वतःची निवड येणार ती २०२८ मध्येच. जॉर्डन लव्हचा करारही २०२८ च्या मोसमापर्यंतच आहे. २०२८ च्या ड्राफ्टवेळी तो २९ वर्षांचा असेल, आणि त्या वर्षी पॅकर्स क्वार्टरबॅक घेतील असं आज कुणी म्हटलं तर लोक हसतील. मी मात्र ती शक्यता शंभरात दहा तरी धरीन. बचाव फळीला पन्नास, आणि रिसीव्हरला, दुसरी फेरी त्यांच्यासाठी मोकळी असल्यामुळे, पाचांहून जास्त देणार नाही.